साठ्यांचा तबला, लंडनचा जॅझ

कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यांत चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर नाचणारी जोडपी कोरलेली आहेत. तिथेच ब्राह्मीत एक लेख आहे: कान्हाचा शिष्य बलक याने हे केलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचं नाव आपल्याला माहीत आहे. पण ‘कोकण डान्स’ नावाच्या जॅझ अल्बमवर तबला वाजवणारे केशव साठे कोण, असं विचारलं तर भलेभले कानसेनही गप्प होतात.

साठे मुंबईहून लंडनला गेले. जमैकात जन्मलेला सॅक्सोफोनवादक जो हॅरियट आणि कलकत्त्याचे संगीतकार जॉन मेयर यांनी 1966 मध्ये ‘इंडो-जॅझ सूट’ केला, त्यात तबल्यावर साठेच होते. पुढच्याच वर्षी जर्मनीत ‘जॅझ मीट्स इंडिया’साठी पियानोवादक इरेन श्वाइट्सर आणि सतारिये दिवाण मोतीहार यांच्यासोबत ते बसले. 1977 मध्ये तर जॉन रेनबर्नच्या गटात जुन्या इंग्रजी लोकगीतांना त्यांनी ठेका दिला!

हे जमतं कसं? हिशेब सोपा वाटतो. त्रितालाच्या सोळा मात्रा म्हणजे जॅझचे चार-चार ठोक्यांचे चार बार. पण आपला सगळा ओढा समेकडे, पहिल्या मात्रेकडे. जॅझच्या झोक्यात वजन पडतं दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर. खरी अडचण स्वराची. तबल्याचा दायाँ एका स्वरात मिळवलेला असतो, तानपुराही सा सोडत नाही. जॅझ मात्र दर दोन-चार ठोक्यांनी कॉर्ड बदलत पळतो. वाट मोकळी केली ती जॅझनेच. जॅझवादक माइल्स डेव्हिसच्या 1959 च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बमनंतर एकाच स्वरसप्तकावर बराच वेळ रेंगाळण्याची रीत रुजली. रागाला आणखी काय हवं?

‘कोकण डान्स’चे धनी अमान्सियो डिसिल्वा. घराणं गोव्याचं, जन्म 1936 मध्ये मुंबईत, गिटार स्वतःच शिकलेले. 1967 मध्ये ते इंग्लंडला गेले आणि 1969 मध्ये हॅरियटबरोबर ‘हम दोनो’ काढला. माझ्या मते, भारतीय वळणाच्या जॅझमध्ये गिटार इतकी मोकळी क्वचितच बोलली असेल. ‘कोकण डान्स’चं ध्वनिमुद्रण सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचं: सॅक्सोफोनवर डॉन रेंडेल, तबल्यावर साठे, आणि सतारीवर (ही गंमत बघा) क्लेम आल्फर्ड नावाचा गोरा.

ध्वनिमुद्रण झालं, पण अल्बम निघालाच नाही. 1996 मध्ये डिसिल्वा गेले. अल्बम बाजारात आला 2006 मध्ये. आता मिळतो. पहिल्यांदा ऐकताना गिटारीचा मोह आवरा आणि नुसत्या तबल्याच्या मागे जा.