ग्रील करून घेताना
खिडक्यांना ग्रील बसवायची ठरली की बहुतेकजण फक्त दर विचारतात. पण ग्रीलची मजुरी बहुधा वजनावर ठरते; म्हणून सळईची जाडी बिलावर लिहून घ्यावी आणि वजन समोर करवून घ्यावे. १० मिलिमीटर चौरस सळई मीटरमागे सुमारे ७८५ ग्रॅम भरते, १२ मिलिमीटरची १,१३० ग्रॅम.

कारागिराचे दोन पावसाळे झेललेले काम आधी पाहून यावे. जोडांवर नुसते टाके नकोत, पूर्ण वेल्डिंग हवे. गंज घासून, रेड ऑक्साइड लावूनच रंग द्यावा.

मुख्य म्हणजे, एका खिडकीच्या ग्रीलला आतून उघडणारे दार ठेवायला सांगावे आणि त्याची किल्ली घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावी. चोराला अडवणारी ग्रील आग लागल्यावर घरच्यांनाच कोंडून ठेवते.