मिलोची लेक

1972च्या दुष्काळात रेशनवर मिळालेल्या लाल मिलोच्या भाकरी ज्यांनी खाल्ल्या, त्यांच्यापुढे आजही तिचं नाव काढलं की तोंड वाकडं होतं. अमेरिकेतून जहाजानं आलेली ही ज्वारी तिकडे जनावरांना घालतात, ही बातमी दाण्याआधी गावात पोचली होती. दादर ज्वारीवर वाढलेल्या खानदेशी माणसाला ती रुचावी कशी? पण मिलो त्याआधी आठ वर्षांपासून आपल्या शेतात होती. तिथं तिला कुणी मिलो म्हणत नव्हतं, हायब्रीड म्हणत होते.

ही भानगड समजायला ज्वारीचं फूल पाहावं लागतं. एका कणसात हजाराच्या वर इवलीइवली फुलं, प्रत्येकात तीन परागकोश, आणि बहुतेक दाणे स्वतःच्याच परागावर भरणारे. दोन वाणांचा संकर करायचा तर एकाचे परागकोश काढायला हवेत. कपाशीत ते हातानं जमतं. 1970 साली सुरतेत निघालेल्या एच-4 या संकरित कपाशीचं बियाणं मजुरांनी एकेक कळी सोलूनच तयार केलं, कारण एका बोंडात वीस-तीस सरक्या मिळतात. ज्वारीत एका फुलामागे एकच दाणा. एकरभर बियाण्यासाठी चिमटा घेऊन बसलं तर हंगाम संपेल. टेक्सासमधल्या स्टीफन्स आणि क्विन्बी यांनी 1933 साली कणीस गरम पाण्यात बुडवून पराग मारण्याची युक्ती काढली. प्रयोगशाळेपुरती ती ठीक होती. कोइमतूरला अय्यंगार आणि पोन्नैया यांना 1937 साली जन्मतःच परागहीन असलेली ज्वारी सापडली, पण तिच्या वंशात निम्मी ताटं पुन्हा परागवाली निघत.

कोंडी फुटली 1954 साली. स्टीफन्स आणि हॉलंड यांनी मिलोला आई केलं, काफिर ज्वारीला बाप, आणि होणाऱ्या लेकीला पुन्हा पुन्हा काफिरचेच पराग दिले. केंद्रकातले गुण आई-बापाकडून निम्मेनिम्मे येतात. केंद्रकाभोवतीचं पेशीद्रव्य मात्र आईकडूनच येतं. काही पिढ्यांनी घर मिलोचं आणि राहणारी माणसं काफिरची, अशी स्थिती झाली. या घरात एक खोड होती: इथं पराग पिकत नसत. मिलोच्या केंद्रकाकडे त्यावर उतारा होता, काफिरकडे नव्हता. त्यामुळे ताट धडधाकट, स्त्रीकेसर उत्तम, पण परागकोश फोल. बीजोत्पादकाला हवी होती तशी ही मादी.

पण तिचा वंश चालवायचा कसा? त्यासाठी तिच्यासारखीच, फक्त साध्या पेशीद्रव्याची बहीण लागते. तिच्या परागावर मादी पुन्हा मादीच देते. शेतकऱ्याच्या पिकात मात्र पराग हवेत, नाहीतर दाणा भरणार नाही. म्हणून तिसरा वाण असा, जो बाप होताना उतारा घेऊन येतो. ए, बी आणि आर अशी त्यांची कोरडी नावं. बियाण्याच्या प्लॉटमध्ये मादीच्या चार ओळींना नराच्या दोन, चहूकडे दोनशे मीटरांत दुसरी ज्वारी नको, आणि दोघं एकाच वेळी फुलायला हवेत. नर चार दिवस आधी फुलून गेला, की सगळा खर्च पाण्यात.

या तंत्रावरचा भारताचा पहिला संकरित वाण, सीएसएच-1, 1964 साली आला. आई सीके 60ए, बाप आयएस 84, दोघंही परदेशी. त्याच वर्षी जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणं कंपनी काढली. तोवर बियाणं घरचं असे: चांगली कणसं निवडून, राख लावून ठेवलेलं. हायब्रीडचा दाणा पुढच्या वर्षी पेरला तर पीक उंच-बुटकं, फुटकळ येतं. दरवर्षी पिशवी विकत घेणं तेव्हापासून सुरू झालं. कपाशीनं ते पुढं कुठल्या कुठं नेलं.

उत्पन्न वाढलं, यात शंका नाही. नाकं मुरडणाऱ्यांनी त्या काळातली टंचाई आठवावी. पण गावरान ज्वारी दिवस लहान झाल्याशिवाय निसवत नसे. तिचा दाणा पावसानं पाठ फिरवल्यावरच भरे. हायब्रीडला दिवसाच्या लांबीचं सोयरसुतक नव्हतं. शंभरेक दिवसांत, भर पावसात ती पिकायची आणि दाणा बुरशीनं काळा पडायचा. कडबाही बुटका. 'हायब्रीड' हे आपल्याकडे बेचव वस्तूचं विशेषण झालं, ते उगाच नाही. ज्वारी संशोधक एन. जी. पी. राव यांच्या पिढीनं सीएसएच-5, सीएसएच-9 असे सुधारलेले वाण दिले, अकोल्यानं सीएसएच-14 दिला. खरीप ज्वारी त्यांनी व्यापली. मग 2002 नंतर बीटी कपाशी आणि मका आले, आणि जळगाव-धुळ्यातल्या त्या शेतांतून ज्वारीच मागं सरली.

तापीकाठच्या काळ्या जमिनीत, शिरपूर, शिंदखेडा, अमळनेर, चोपड्याकडे, पाऊस सरल्यावर नुसत्या ओलीवर येणारी दादर मात्र हायब्रीडला फारशी बधली नाही. रब्बीसाठीही सीएसएच-15आरसारखे संकर निघाले. पण थंडीत फुलताना उतारा नीट लागू पडत नाही आणि कणसं अर्धी पोकळ राहतात. मादीला खोडमाशीही लवकर धरते. दाण्याचा तजेला तर वेगळीच गोष्ट. भाकरी असो, बिबड्या असोत, की भरिताबरोबरच्या कळण्याच्या पुऱ्या, घरातल्या बाईला दाणा हातात घेताच कळतं. सोलापूरकडच्या मोहोळची निवड असलेली मालदांडीही अशीच टिकली. विशेष म्हणजे मालदांडीच्या पेशीद्रव्यातही परागहीनता आहे. शास्त्रज्ञ तिला ए-4 म्हणतात. आपल्याच ज्वारीच्या घरात हा गुण असताना आपण तो टेक्सासहून आणला. अर्थात ए-4वर उतारा असलेले वाण फार थोडे, त्यामुळे ती मागं राहिली.

बाजरीचं बरोबर उलटं. ती मुळातच परपरागी, संकराला राजी. जॉर्जियात बर्टननं काढलेल्या टिफ्ट 23एवरून लुधियान्यात अठवालांनी 1965 साली एचबी-1 दिली. नंतर गोसावी रोगानं त्या पिढीची वाताहत झाली. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातली बाजरी संशोधन योजना पुढं उभी राहिली, आणि फुले आदिशक्ती, फुले महाशक्ती हे संकर तिथले. लोहयुक्त धनशक्तीवरही तिथं काम झालं. ती मात्र संकरित नाही, तिचं बियाणं शेतकऱ्याला ठेवता येतं.

केंद्र सरकार ज्वारीचा हमीभाव आजही दोन ओळींत लिहितं. 2024-25ला हायब्रीड 3371 रुपये क्विंटल, मालदांडी 3421. साठ वर्षांच्या संकरानंतर फरक पन्नास रुपयांचा. दादर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक मात्र मूठभर दाणे तळहातावर घेतं, उन्हात धरतं, आणि मगच भाव विचारतं.