दुसरा राउटर, पण कारभारी एकच

कोकणातल्या जुन्या चिरेबंदी घरात फायबरची तार बहुतेक वेळा ओटीवरच येऊन थांबते. खांबावरून तिथवर ती ओढणे सोयीचे पडते आणि राउटरही तिथेच भिंतीला ठोकला जातो. मग ओटीवर सिनेमा सुरळीत चालतो, माजघरात तो अडखळतो आणि मागच्या पडवीत अभ्यासाला बसलेल्या मुलांना ऑनलाइन तासातला शिक्षकांचा आवाज तुटक ऐकू येतो. २०२० च्या टाळेबंदीत घरून काम आणि घरून शिक्षण सुरू झाले, तेव्हा घरातले असे मुके कोपरे अनेकांच्या पहिल्यांदा लक्षात आले. महिन्याचा प्लॅन वाढवून ते बोलते होत नाहीत, कारण अडचण भिंतींची आहे.

वायफाय मुख्यतः दोन पट्ट्यांत चालते. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर, तर ५ गिगाहर्ट्झची साधारण ६ सेंटिमीटर. दुसरी पट्टी वेगवान, पण भिंत आडवी आली की तीच आधी दमते. जांभ्याची जाड भिंत, तीही पावसाळ्यात ओल धरलेली. शहरातल्या घरात स्लॅबमधल्या सळया, लोखंडी कपाट, मोठा आरसा. या सगळ्यांतून जाताना लहरींची ताकद घटत जाते.

अशा घराला दुसरा राउटर हा खरा उपाय आहे, आणि तो पुष्कळदा घरातच पडून असतो. इंटरनेटची कंपनी बदलली, नवा राउटर आला आणि स्वतःच्या पैशांनी घेतलेला जुना कपाटात गेला. तो बाहेर काढून केबल जोडायला पाच मिनिटे लागतात. गोंधळ होतो तो त्यानंतर.

घरातल्या प्रत्येक फोनला, टीव्हीला, प्रिंटरला एक आयपी पत्ता लागतो. तो वाटण्याचे काम राउटरमधली डीएचसीपी ही व्यवस्था करते. हे पत्ते १९२.१६८ ने सुरू होताना दिसतात, कारण १९९६ साली काही पत्ते खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवले गेले आणि त्यांतलाच हा एक गट. जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण सुमारे ४३० कोटी. ते जगाला पुरणारे नव्हते, म्हणून तेच खासगी पत्ते घरोघरी वापरले जातात. आता दुसरा राउटरही पत्ते वाटायला बसला, तर एका घरात दोन कारभारी होतात. एकाच पत्त्यावर दोन यंत्रे येतात, कुठे इंटरनेट चालते, कुठे बंद पडते. वाटपाचे काम पहिल्याकडेच ठेवावे. दुसऱ्याने फक्त सिग्नल पसरवावा.

दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडला की बहुतेक काम संपते. नसेल तर थोडी मेहनत आहे. आधी रिसेटचे बटण दाबून धरून जुन्या सेटिंग पुसाव्यात आणि फक्त तेवढ्याच राउटरला लॅपटॉप केबलने जोडावा. सेटिंगचे पान कोणत्या पत्त्यावर उघडते ते राउटरच्या खालच्या स्टिकरवर छापलेले असते. तिथे वायफायचे नाव व पासवर्ड भरावा, मग राउटरचा स्वतःचा पत्ता बदलावा. पहिला राउटर १९२.१६८.१.१ वर असेल आणि शेवटचा आकडा १०० ते १९९ असलेले पत्ते वाटत असेल, तर दुसऱ्याला १९२.१६८.१.२ द्यावा. पत्ता बदलताच पान तुटते. नव्या पत्त्यावर पुन्हा उघडून डीएचसीपी बंद करावे. हे बटण शेवटी ठेवायचे, कारण ते बंद झाले की लॅपटॉपला नवा पत्ता द्यायला तिथे कोणी उरत नाही. मग पहिल्याच्या लॅन पोर्टमधून निघालेली केबल दुसऱ्याच्याही लॅन पोर्टमध्येच घालायची. वॅन लिहिलेले पोर्ट रिकामे राहू द्यायचे.

सेटिंग न बदलताच केबल वॅन पोर्टात घातली तरी बहुतेकदा इंटरनेट चालते, म्हणून ही चूक लक्षात येत नाही. पण दुसऱ्या राउटरमागे एक वेगळे जाळे तयार होते. ओटीवरच्या फोनला पडवीतला प्रिंटर सापडत नाही, काही ऑनलाइन खेळ अडतात. होमस्टे चालवणारे पाहुण्यांसाठी मुद्दाम अशी जोडणी करतात, तेव्हा तर हेतूच उलटतो: आतल्या जाळ्यातून बाहेरच्या जाळ्यात जाता येते, त्यामुळे पाहुण्याचा लॅपटॉप घरच्या यंत्रांपर्यंत पोहोचू शकतो. त्यापेक्षा मुख्य राउटरमधले ‘गेस्ट नेटवर्क’ वापरावे.

दोन्ही राउटरना नाव आणि पासवर्ड एकच ठेवला की फिरताना फोन आपोआप जवळचा सिग्नल पकडू शकतो. तरी कधी पकडायचा हे फोनच ठरवतो आणि काही फोन क्षीण झालेला जुना सिग्नल धरून बसतात. तसे झाल्यास राउटरची प्रसारणशक्ती थोडी कमी करून पाहावी. चॅनेल मात्र वेगवेगळे हवेत. २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ आणि ११ ही तीन एकमेकांवर चढत नाहीत; एकाला १ दिले तर दुसऱ्याला ६ किंवा ११ द्यावे.

केबल ओढायची नसेल तर रिपीटर मिळतो. पण साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्यावरच पुढे पाठवतो, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. शिवाय तो सिग्नल मेलेल्या खोलीत लावून उपयोग नाही; सिग्नल अजून चांगला आहे अशा मधल्या जागी लावावा लागतो. एकदाच केसिंग पट्टीतून केबल नेणे केव्हाही श्रेयस्कर. तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर, म्हणजे घराला भरपूर. क्रिंपिंग करणाऱ्याकडून आठही तारा जोडून घ्याव्यात. चारच जोडल्या तर वेग १०० एमबीपीएसच्या पुढे जात नाही. जुन्या राउटरचे पोर्टच १०० चे असतील, तर नवी केबलही तिथे काही करू शकत नाही.

जुन्या राउटरवर किमान डब्ल्यूपीए २ सुरक्षा हवी आणि सेटिंगच्या पानाचा मूळचा ‘ॲडमिन’ पासवर्ड बदललेला हवा. वळवाच्या पावसात वीज गेली की इन्व्हर्टरवर फायबरचा डबा आणि दोन्ही राउटर असले तरच पडवीतला तास चालू राहतो. आणि दुसरा राउटर अंगणापलीकडच्या वेगळ्या इमारतीत न्यायचा असेल, तर उघड्यावरून तांब्याची केबल टाकू नये. जवळपास वीज पडली की त्या तारेतून झटका येऊन दोन्हीकडची यंत्रे जळू शकतात. फायबरची काच वीज वाहून नेत नाही. तेवढ्या तुकड्यासाठी धातूची तार नसलेली फायबर आणि दोन्ही टोकांना तिचे कन्व्हर्टर बसवून घ्यावेत.