टाकून दिलेल्या डेस्कटॉपचा पुनर्जन्म

६ एप्रिल २०११ रोजी 'ग्नोम ३' आला आणि लिनक्स ही संगणकप्रणाली वापरणाऱ्या कितीतरी जणांना आपलाच संगणक परका वाटू लागला. ग्नोम हा लिनक्सवरचा एक डेस्कटॉप, म्हणजे दर्शनी भाग: विंडो, मेनू, पट्ट्या, बटणं. उघड्या विंडोंची यादी दाखवणारी तळाची पट्टी नव्या रूपात नाहीशी झाली. विंडो मिनिमाइझ-मॅक्झिमाइझ करायची बटणं गेली. त्याहून कमाल म्हणजे संगणक बंद करायचा पर्यायच दिसेना! मेनूत फक्त 'सस्पेंड', म्हणजे संगणकाला झोपवणं. ऑल्ट कळ दाबून धरली की त्याच जागी 'पॉवर ऑफ' उमटायचं. कुणी सांगितल्याशिवाय हे कळणार कसं? आणि काम आटोपल्यावर भिंतीवरचं बटणही बंद करणाऱ्या आपल्यासारख्या घरांत झोपलेला संगणक काय कामाचा?

सोयी काढून टाकण्यामागे एक हिशेब असतो. चालू-बंद करता येणारा एक पर्याय म्हणजे सॉफ्टवेअरची दोन रूपं. असे दहा पर्याय असले की १,०२४ रूपं होतात आणि वीस असले की दहा लाखांच्या वर! त्यांतलं कुठलंही रूप कुणाच्या तरी संगणकावर असू शकतं आणि ते नीट चालायला हवं. त्यात ग्नोम ३ चा दर्शनी भाग नव्यानं लिहिलेला होता. अशा वेळी जुनी सोय आपोआप पुढे येत नाही. ती पुन्हा लिहावी, तपासावी आणि वर्षानुवर्षं सांभाळावी लागते. म्हणून कात्री लागते.

मात्र या हिशेबात वापरणाऱ्याच्या हाताची सवय धरलेली नसते. सायकल चालवताना पायडलकडे बघावं लागत नाही, तसंच सरावाच्या बटणाचंही होतं: मन कामात असतं आणि माऊस आपसूक योग्य जागी जातो. ती जागा रिकामी निघाली की मनातल्या कामाचा धागाच तुटतो. त्या चिडचिडीला आळस म्हणणं अन्यायाचं आहे. खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स तेव्हा ग्नोम सोडून 'एक्सएफसीई' हा दुसरा डेस्कटॉप वापरू लागले होते.

खरी थक्क करणारी गोष्ट यापुढची. ग्नोमचा परवाना मुक्त आहे. त्याचा कोड कुणीही घ्यावा, बदलावा, वाटावा. त्याच वर्षी अर्जेंटिनातल्या एका वापरकर्त्यानं टाकून दिलेल्या ग्नोम २ या आधीच्या आवृत्तीचा कोड उचलला आणि 'माते' नावाचा डेस्कटॉप सुरू केला. अडचण अशी, की नव्या-जुन्या प्रोग्रॅमची नावं एकच, त्यामुळे दोन्ही एका संगणकावर नांदेनात. मग नावंच बदलली, तीही स्पॅनिश! फायली दाखवणारा 'नॉटिलस' झाला 'काखा', म्हणजे खोका. मजकूर लिहायचा 'जीएडिट' झाला 'प्लूमा', म्हणजे पीस. हळूहळू जगभरचे हात मदतीला आले आणि २०१५ मध्ये 'उबुंटू माते' उबुंटू या लिनक्स-वितरणाच्या अधिकृत परिवारात दाखल झाला.

ग्नोमवाल्यांनीही ऐकलं. २०१२ मध्ये 'पॉवर ऑफ' मेनूत परतलं, २०१३ मध्ये जुन्या धाटणीची 'क्लासिक' मांडणी आली आणि टोरवाल्ड्सही परतले.

विंडोजचं उदाहरण शेजारी ठेवून पाहा. २०१२ च्या विंडोज ८ मधून स्टार्टचं बटण गेलं. ते २०१३ मध्ये परत आलं, पण पूर्ण स्टार्ट मेनू मिळायला जुलै २०१५ चं विंडोज १० उजाडावं लागलं. जुना कोड घेऊन स्वतः पुढे चालवायची मुभा तिथे बाहेरच्या कुणालाच नव्हती. म्हणून रोजच्या कामाचं सॉफ्टवेअर निवडताना दिसणं आणि किंमत यांच्या जोडीला परवानाही वाचा. आपल्या हाताला लागलेली सवय उद्या कुणाच्या मर्जीवर राहील, हे तिथेच लिहिलेलं असतं.