गुडगुडीचा आवाज

पैनगंगेच्या काठी वसलेल्या आमच्या देऊळघाटात माझ्या लहानपणी पहाट दोन आवाजांनी व्हायची. एक मशिदीतली अजान आणि दुसरा ओसरीवरच्या गुडगुडीचा. ती गुडगुडी माझ्या आजोबांची. आम्ही त्यांना दादामियाँ म्हणत असू. ती भरणे, धुणे आणि बिघडली तर दुरुस्त करणे हे घरातले माझे काम होते. दहा-अकरा वर्षांचा असेन. या कामाचा मला फार अभिमान वाटे.

आजच्या मुलांनी गुडगुडी पाहिलेली नसेल, म्हणून तिची रचना सांगतो. खाली पाणी भरलेला नारळ. त्यात वरून उतरलेली पोकळ दांडी, म्हणजे नैचा. दांडीच्या डोक्यावर मातीची चिलीम. चिलमीच्या भोकावर एक खडा, खड्यावर गुडाखू, म्हणजे गुळात मळलेली तंबाखू, आणि तिच्यावर निखारे. नारळाच्या कुशीला, पाण्याच्या पातळीच्या वर, ओढण्यासाठी दुसरे भोक. ओढले की नारळातली हवा कमी होते. ती जागा भरायला बाहेरची हवा निखाऱ्यांतून आत शिरते, धूर घेऊन दांडीतून खाली येते आणि पाण्यातून बुडबुडे होऊन वर निघते. तोच गुडगुड आवाज.

वैद्य जशी नाडी पाहतो तसा मी हा आवाज ऐकत असे. आवाज जड आणि ओढताना गाल आत जायला लागले, की समजायचे, पाणी जास्त झाले. दांडीचे टोक पाण्यात जितके खोल, तितका जोर जास्त लागतो. एक-दोन बोटे बुडाले की पुरे. पाणी बरोबर असूनही ओढ जड असेल तर दांडीत काळा कीट साचलेला. त्यावर उपाय तारेला चिंधी बांधून आत फिरवण्याचा. आवाज अजिबात नाही आणि धूर गरम, तर पाणी टोकाच्या खाली गेले. तोंडात पाणी आले तर ते कुशीच्या भोकापर्यंत चढले.

सगळ्यात फसवा बिघाड गळतीचा. गुडगुडी छान हलकी ओढली जाते, पण धूर नाही. अशा वेळी चिलीम उतरवायची, दांडीच्या तोंडावर तळहात दाबायचा आणि कुशीच्या भोकातून ओढून पाहायचे. तरीही हवा आली, तर सांधा गळतो आहे. तिथे ओल्या कापडाची पट्टी आवळायची. जळका वास आला तर निखारे फार किंवा तंबाखू सुकलेली. निखारे बाभळीचे हवेत, ते सावकाश विझतात. पऱ्हाटीचा निखारा बघता बघता राख होतो.

ही करामत आपल्याकडे जुनी आहे. अकबराच्या अखेरच्या वर्षांत असद बेग या त्याच्या सरदाराने विजापूरहून तंबाखू आणि ती ओढण्याची नळी दरबारात नेली. त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे की बादशहाने झुरका घेतला आणि हकिमाने हरकत घेतली. पुढे १६१७ साली जहांगीरने तंबाखूवर बंदी घातली. बंदी टिकली नाही, तंबाखू टिकली.

दादामियाँ म्हणत, "पाणी सगळं जहर धुऊन टाकतं, बेटा." मीही तसेच मानत होतो. पुढे बी.ए. करताना आणि नंतरही जे वाचनात आले, त्याने हा समज मोडला. पाणी धूर थंड करते, थोडे निकोटिन अडवते. पण निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू पाण्यात फारसा विरघळत नाही. तो बुडबुड्यात बसून थेट छातीत उतरतो. थंड धूर घशाला टोचत नाही, म्हणून माणूस जास्त खोल आणि जास्त वेळ ओढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली सांगितले, की तासाभराच्या हुक्क्यात एका सिगारेटच्या शंभर ते दोनशे पट धूर आत जाऊ शकतो.

म्हणजे मी केलेल्या सगळ्या दुरुस्त्या घशासाठी होत्या. छातीसाठी एकही नव्हती.

परवा शहरात शिकणारा माझा भाचा घरी आला. खिशातून धातूची एक नळी काढून म्हणाला, "मामू, यातून जळका वास येतोय, तुम्हाला असलं कळतं ना?" मी पाहिले. निखाऱ्याच्या जागी सेल, चिलमीच्या जागी तारेचे वेटोळे, आणि त्यात कापसाची वात. वात कोरडी पडली होती, म्हणून जळका वास. मुद्दा वेगळाच होता. त्या नळीत बटण होते, पण वीज आवरणारे सर्किट नव्हते. भरलेला सेल ४.२ व्होल्टचा, वेटोळे ०.२ ओहमचे, भागाकार केला तर २१ अँपिअर. घरातला छताचा पंखा अर्धा अँपिअरही घेत नाही. तारेचे वेढे एकमेकांना टेकले तर प्रवाह आणखी वाढतो, आणि तो तोडायला आत काही नसते. सेल तापतो, प्रसंगी फुटतो. ई-सिगारेटची विक्री, आयात आणि उत्पादन आपल्या देशात २०१९ च्या कायद्याने बंद आहे, हेही त्याला सांगितले.

"पण मामू, यात धूर नाही, वाफ असते," तो म्हणाला. मला दादामियाँचे पाणी आठवले.

दादामियाँ हुक्क्यानेच गेले असे मी म्हणणार नाही. पण शेवटच्या दोन हिवाळ्यांत ओसरीवरून गुडगुडीपेक्षा खोकलाच जास्त ऐकू येई. आणि हेही कबूल करतो, की माझ्या आयुष्यातला पहिला झुरका मी गळती तपासतानाच घेतला. तो सुटायला पुढे वीस वर्षे लागली.

गुडगुडी अजून घरात खुंटीवर आहे. नारळ वाळून तडकला आहे. ओढली तर नुसती हवा येईल. भाच्याला ती दाखवली आणि सांगितले, गळती कुठे आहे ते मला माहीत आहे. ही मात्र मी बुजवणार नाही.