स्वीडिश ब्लॅक मेटलमधील स्वरसौंदर्य आणि नैतिक पेच : 'स्टॉर्म ऑफ द लाइट्स बेन' या ध्वनिमुद्रिकेच्या संदर्भात

प्रस्तावना :
विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात जे उग्र प्रवाह निर्माण झाले, त्यांत ब्लॅक मेटल हा सर्वाधिक वादग्रस्त ठरला. कर्कश, अमंगल व विध्वंसक अशी त्याची सर्वसाधारण प्रतिमा आहे. तथापि स्वीडनमधील 'डायसेक्शन' या वाद्यवृंदाच्या नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रिकेने या उग्रतेत स्वरमाधुर्य व शिस्तबद्ध रचना यांना स्थान दिले. या कृतीची सांगीतिक वैशिष्ट्ये आणि तिच्या कर्त्यामुळे उद्भवणारा नैतिक प्रश्न यांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पार्श्वभूमी :
'ब्लॅक मेटल' ही संज्ञा इंग्लंडमधील 'व्हेनम' या वृंदाच्या १९८२ सालच्या ध्वनिमुद्रिकेच्या शीर्षकावरून रूढ झाली. पुढे स्वीडनमधील 'बाथरी' या वृंदाने या संगीताला अधिक गडद ध्वनी दिला. १९९० च्या दशकाच्या आरंभी नॉर्वेत या प्रकाराची स्वतंत्र चळवळ उभी राहिली. १९९२ पासून तेथे घडलेल्या चर्चच्या जाळपोळीच्या घटनांमुळे तिचे नाव गुन्हेगारीशी जोडले गेले. नॉर्वेच्या सीमेलगतच्या स्ट्रोमस्टाड या किनारी गावात १९८९ मध्ये गायक व गिटारवादक जॉन नॉटवेट याने 'डायसेक्शन'ची स्थापना केली. १९९३ मधील 'द सोम्बरलेन' नंतरची ही त्यांची दुसरी ध्वनिमुद्रिका होय. तिचे ध्वनिमुद्रण डॅन स्वानो यांच्या युनिसाउंड या स्टुडिओत झाले.

सांगीतिक वैशिष्ट्ये :
या संगीतातील प्रमुख वादनतंत्र म्हणजे गिटारच्या एकाच तारेवर अतिजलद उलटसुलट आघात करणे. सतारवादनातील 'दा' व 'रा' या बोलांचा वेग अनेक पटींनी वाढवल्यास त्याची कल्पना येऊ शकेल. असे आघात परस्परांत मिसळून स्वरांचा अखंड प्रवाह निर्माण होतो. 'डायसेक्शन'चे वेगळेपण असे, की दोन गिटार या प्रवाहातून परस्परपूरक स्वरावली वाजवतात आणि ती स्वरावली स्वतंत्रपणे गुणगुणता येते. रचनांचा कल मुख्यतः 'मायनर' स्वरसप्तकाकडे आहे. त्याच्या नैसर्गिक रूपातील स्वर आपल्याकडील आसावरी थाटाशी जुळतात. मात्र हे साम्य स्वरांपुरतेच आहे. रागाची बढत येथे नाही.

ध्वनिमुद्रिकेतील आठ रचनांचा क्रमही विचारपूर्वक योजलेला दिसतो. आरंभी केवळ वाद्यवादनाची संथ रचना आहे, तर अखेरीस अलेक्झांड्रा बालोग यांचे एकल पियानोवादन आहे. मधल्या रचनांत प्रचंड वेग आणि शांत गिटारवादन यांचा विरोध साधला आहे. 'व्हेअर डेड एंजल्स लाय' ही रचना तुलनेने मंद गतीची असून तिच्यात विषादाचा स्वर प्रबळ आहे. क्रिस्टियान वॉलिन यांनी रंगवलेल्या मुखपृष्ठावर हिमाच्छादित निळसर प्रदेशातील मृत्यूची अश्वारूढ आकृती आहे. शीर्षक, चित्र व स्वर यांतून थंडी, रात्र आणि मृत्यू यांचे एकच वातावरण उभे राहते. अपरिचित श्रोत्याला गायन केवळ किंकाळीसारखे वाटते. परंतु मधुर स्वरावलीचे काम गिटारकडे आणि भयाची अभिव्यक्ती कंठाकडे, अशी ही विभागणी आहे.

कलाकृती आणि कर्ता :
१९९७ मध्ये गोथेनबर्ग येथे अल्जेरियन वंशाच्या एका समलिंगी पुरुषाची हत्या झाली. या प्रकरणात नॉटवेट दोषी ठरला व त्याला कारावास भोगावा लागला. २००४ मध्ये सुटका झाल्यावर २००६ मध्ये त्याने 'राइनकाओस' ही ध्वनिमुद्रिका प्रकाशित केली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आत्महत्या केली.

अशा प्रसंगी सामान्यतः दोन भूमिका घेतल्या जातात. पहिलीनुसार गीतांतील मृत्युपूजा हा निव्वळ मंचीय अभिनिवेश असतो. येथे ही सबब टिकत नाही. कारण नॉटवेट सैतानवादी विचारसरणी गांभीर्याने मानणारा होता व तशा संघटनेशी संबंधितही होता. दुसरीनुसार संपूर्ण कृतीच त्याज्य ठरते. परंतु हत्येपूर्वी दोन वर्षे प्रकाशित झालेल्या संगीतात त्या गुन्ह्याचा पुरावा शोधणे तर्कदुष्ट आहे. शिवाय ही कृती एकट्याची नाही. सहवादक, ध्वनिमुद्रक व चित्रकार यांचाही तिच्यात वाटा आहे.

समारोप :
सौंदर्य हे सद्वर्तनाचे प्रमाणपत्र नव्हे, हेच या उदाहरणावरून स्पष्ट होते. स्वररचनेचे गुण मान्य केल्याने अपराध सौम्य होत नाही आणि अपराधाची नोंद घेतल्याने स्वररचना बेसूर ठरत नाही. वर्गात अशा कृतीचा परिचय करून देताना तिचे संगीत समजावून सांगणे जितके आवश्यक, तितकेच मारल्या गेलेल्या माणसाचा उल्लेख न टाळणेही आवश्यक आहे. दोन्ही निर्णय स्वतंत्रपणे आणि एकाच वेळी मनात बाळगण्याची क्षमता विद्यार्थ्यांत निर्माण करणे, हे कलाशिक्षणाचे महत्त्वाचे प्रयोजन मानावे लागेल.