गावात आलेला पैसा मोबाईलवर दिसतो, पण निम्माच! उरलेला ‘नमुना 9’ मध्ये

पारावर बसलं की एक वाक्य हमखास कानावर येतं, “गावाला लाखो रुपये आले, गेले कुठं?” विचारणाऱ्याच्या खिशात मोबाईल असतो आणि निम्मं उत्तर त्यातच असतं.

केंद्र सरकारचं ‘ई-ग्रामस्वराज’ ॲप फुकट आहे. राज्य, जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत असं निवडत जायचं, मग आर्थिक वर्ष. ‘ॲप्रूव्हड ॲक्टिव्हिटीज’मध्ये आराखड्यातली मंजूर कामं दिसतात, ‘फायनान्शियल प्रोग्रेस’मध्ये जमाखर्च. वर्ष एप्रिल ते मार्च धरा, नाहीतर मार्चमध्ये निघालेलं बिल भलत्याच वर्षात शोधत बसाल.

तिथं दिसणारा मोठा पैसा वित्त आयोगाचा. 15 व्या आयोगाने 2021 ते 2026 साठी घातलेला नियम साधा होता. समजा, गावाला 10 लाख आले. त्यातले 6 लाख ‘बंधित’. त्यात 3 लाख स्वच्छतेला आणि 3 लाख पाण्याला. उरलेले 4 लाख ‘अबंधित’, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे; पण पगार आणि कार्यालयीन खर्चाला नाहीत. म्हणून बंधितच्या पैशातून कमान उभी राहिली तर प्रश्न विचारायला जागा आहे. 2026-27 पासून पुढची पाच वर्षं 16 व्या आयोगाची आहेत, त्यामुळं जुने आणि नवे आकडे एकत्र करू नका.

आता खरी गोम. ॲपवर पैसे निघाल्याचं दिसतं, काम झाल्याचं नाही. मी एका गावात बघितलं, मोबाईलवर गटाराचा खर्च पूर्ण आणि जागेवर गटार अर्ध्या गल्लीतच संपलेलं. अशा वेळी आरडाओरडा करून काही होत नाही. त्या कामाचं इस्टिमेट आणि मोजमाप पुस्तिका मागायची, टेप घेऊन जायचं. इस्टिमेटमध्ये लांबी लिहिलेली असते. तोंडी मागून देत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज, फी 10 रुपये, मुदत 30 दिवस. दारिद्र्यरेषेखालच्याला फी नाही.

पण सगळा हिशेब दिल्लीच्या पैशाचाच करून चालत नाही. घरपट्टी, पाणीपट्टी हा गावाचा स्वतःचा पैसा. कुणाच्या घराला किती आकारणी, ते नमुना 8 मध्ये. मागणी किती, वसूल किती, थकीत किती, हे नमुना 9 मध्ये. अंदाजपत्रक नमुना 1 मध्ये. समजा, अंदाजपत्रकात वसुली 6 लाख धरली आणि हातात आले 3 लाख. मग कागदावरची निम्मी कामं त्याच दिवशी मेली, त्यात कुणी पैसे खाल्लेच असं नाही. स्वतःच्या उत्पन्नातून 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणाला आणि 5 टक्के दिव्यांगांना खर्चायचे असतात. 3 लाखांवर दिव्यांगांचे 15 हजार होतात, 6 लाखांवर 30 हजार. थकबाकीचा फटका आधी कुणाला बसतो ते बघा.

पुढच्या पाच-दहा वर्षांचा विचार केला तर हा आकडा आणखी महत्त्वाचा. नळयोजना झाली, टाकी झाली; पण मोटारीचं वीजबिल दर महिन्याला येतंय आणि मोटार कधीतरी जळणारच. अनुदान नवीन आयोगागणिक बदलतं, पाणीपट्टी मात्र आपल्याच हातात. मागच्या पाच वर्षांचे मागणी-वसुलीचे आकडे एका कागदावर ओळीनं मांडा. वसुली जागेवर आणि वीजबिल चढतं असेल, तर योजना किती दिवस चालेल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

गंमत म्हणजे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचे फॉर्म निघाले की त्याच आठवड्यात कर भरायला रांग लागते, कारण थकबाकीदाराची उमेदवारी अडचणीत येते. मोठ्या वाड्यांची नावं तेव्हाच पावती पुस्तकात दिसतात. गरीब माणसानं मात्र दाखल्यासाठी अडवल्यामुळं आधीच भरलेलं असतं.

हे सगळं विचारायची जागा ग्रामसभा. वर्षाला किमान चार सभा व्हायला हव्यात. कोरम एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 मतदार, यापैकी कमी असेल तो. जाताना ॲपचा स्क्रीनशॉट न्या, नमुना 9 ची मागणी आठ दिवस आधी लेखी द्या आणि पोच घ्या. सभेत विचारलेला प्रश्न इतिवृत्तात लिहिला का, ते सही करण्याआधी वाचून बघा.